वाट्यातला घोडा

"पाद्री!" लेमने हाक दिली.

घोड्यांच्या वाडग्याच्या मधोमध उभा असलेला क्लेट दोर हातात धरून तसाच थांबला. रोज सकाळी तो तिथे उभा राहायचा, कुंपणाशी ओळीने उभे असलेले गडी आपापल्या घोड्याचं नाव ओरडायचे आणि धुरळ्यात गरगर फिरणाऱ्या त्या घोड्यांमधून क्लेट नेमका तोच घोडा फास टाकून पकडून द्यायचा. आजवर त्याचा फास चुकला नव्हता. आज मात्र तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता, जणू कालच नवे घेतलेत!

"पाद्री म्हटलं, क्लेट. बहिरा झालास का?"

"पाद्री नाहीये, लेम."

"नाहीये म्हणजे? पंख फुटले त्याला?"

"उजाडायच्या आत नेला. खोगीर घालून." क्लेटने दोर या हातातून त्या हातात घेतला. "दुसरा कुठला धरू?"

कुणीच हसलं नाही. हेच भयंकर होतं. ही माणसं कशालाही हसायची. कुणाची दाढ पकडीने उपटली तरी हसायची, कुणी घोड्यावरून थेट काट्यांत पडला तर पोट धरून हसायची. लेमच्या वाकड्या गुडघ्यावर तर रोज नवा विनोद तयार व्हायचा. पण आता एकाला आपल्या लगामाची कडी तपासायची होती, दुसऱ्याला ढगांकडे बघायचं होतं. कुंपणाशी उभे असलेले सगळेच एकदम फार कामात होते.

त्या मुलखात एक रिवाज होता. गुरं पाळणाऱ्या रँचवर लागलेल्या प्रत्येक गड्याला मालकाच्या घोड्यांतले काही घोडे नेमून दिले जात. ते त्याच्या वाट्याचे. घोडे मालकाचेच, पण एकदा वाट्याला आले की दुसऱ्याने त्यांच्यावर मांड टाकायची नाही. कुणाची टोपी घाला, कुणाचं पांघरूण ओढा, कुणाच्या ताटलीतला मांसाचा तुकडा उचला, दोन शिव्या खाऊन सुटाल. वाट्यातल्या घोड्याला मुकादमसुद्धा हात लावत नसे. आणि मुकादमाने न विचारता एखाद्याच्या वाट्यातला घोडा काढून घेतलाच, तर त्याचा अर्थ एकच होता: बाबा रे, तुझं इथलं काम संपलं, आता तू आपण होऊन निघ. मग गडी कारण विचारत नसे. वळकटी बांधायची, 'बरंय, येतो' म्हणायचं आणि चालायला लागायचं. मागे राहिलेले म्हणायचे, "तो ना? गेला सोडून." काढला, असं कुणी म्हणायचं नाही.

"राहू दे," लेम म्हणाला. "दुसरा नको."

आवाज ठीक आला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

पाद्री हा काही राजबिंडा घोडा नव्हता. लांबुडक्या तोंडाचा, राखाडी, आणि चालताना सारखी मान हलवणारा. समोरच्याचं पाप आपल्याला ठाऊक आहे असा त्याचा चेहरा, म्हणून पाद्री. पण गुरांच्या गर्दीत शिरला की लगाम हलवावा लागायचा नाही. लेम त्याच्यावर बसला की लेमला गुडघा नसायचा, वय नसायचं, खोकला नसायचा. म्हणजे इतर कुठलाही घोडा नेला असता तरी अर्थ तोच होता, पण पाद्री नेला म्हणजे तर शंकेला जागाच ठेवली नाही.

आणि वेळ कुठली निवडली होती! ऑक्टोबर संपत आला होता. आदल्या हिवाळ्यात मोंटानाच्या त्या माळावर बर्फाने गुरं उभ्या उभ्या मारली होती. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा ओढ्या-ओढ्यांतून सांगाडे निघाले, आणि गुरं नाहीत तर गडी कशाला हवेत? या हिवाळ्यात रँचची मालक असलेली कंपनी मोजकीच माणसं ठेवणार होती. ज्याला ठेवतील त्याला हद्दीवरची एखादी खोपी, शेगडी, पिठाचं पोतं आणि वसंतापर्यंत जिवंत राहण्याची बऱ्यापैकी शक्यता. ज्याला ठेवणार नाहीत त्याने रँचमागून रँच घोडं हाकत हिंडायचं, कुणी एक वेळचं जेवू घातलं तर जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी यजमानाचा चेहरा उतरायच्या आत उठायचं. तेही स्वतःचा घोडा असला तर. लेमचं स्वतःचं असं फक्त खोगीर होतं.

उन्हाळाभर तो एवढ्याच एका गोष्टीसाठी झटला होता. लंगडणं लपवलं होतं. खोकला आला की घोड्याला शिवी देत असल्याचं सोंग केलं होतं. आणि मुकादम डेल्फ हॅकेट! डेल्फ आणि तो टेक्सासहून गुरं हाकत बरोबर आले होते, एकाच पांघरुणात कुडकुडले होते. मागच्या आठवड्यात डेल्फ स्वतःहून म्हणाला होता, "वरच्या ओढ्याची खोपी गळते रे, डागडुजी करायला हवी." लेमने त्याचा अर्थ घेतला होता: तुझी खोपी, तू बघ. आता वाटत होतं, डेल्फला फक्त छप्पर गळतं एवढंच सांगायचं असेल.

"डेल्फ कुठे आहे?" त्याने विचारलं.

"अंधारातच वर गेला. कळपाकडे," क्लेट म्हणाला, आणि इतक्या हळू म्हणाला की तो क्लेट वाटेना.

वळकटी बांधायला वेळ लागला नाही. आयुष्यभर सामान जमवायचं नाही याचा हा एक फायदा. खोगीर खांद्यावर टाकून लेम बाहेर पडला, तर आचारी आयझम दारात आडवा. आयझम प्रुइट पिंपासारखा बुटका, काळाभोर, पूर्वी स्वतः उत्तम घोडेस्वार. बैलाने बरगड्या मोडल्यापासून तो चुलीशी आला होता, आणि त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जळका पाव मिळायचा.

"कुठे निघालास, म्हाताऱ्या?"

"कंटाळलो तुझ्या बीन्सना."

"माझे बीन्स सहा वर्षं गिळलेस. आजच घशात अडकले?" आयझमने हात पुसत आवाज खाली आणला. "ऐक माझं. डेल्फ येईपर्यंत थांब. दुपारी जेवायला येईल. विचार त्याला."

"विचारू? काय विचारू?"

"हेच की का."

"आयझम, तू टोपी हातात घेऊन 'का हो का' विचारणारा माणूस पाहिलायस कधी? मी पाहिलाय. पुन्हा त्याच्या शेजारी बसून जेवायला नको वाटतं."

"आणि थंडीत मेलेला पाहिलायस का? मी त्याला पुरलाय. खड्डासुद्धा होत नव्हता नीट."

आयझमने दोन पाव आणि डुकराच्या मांसाचा तुकडा फडक्यात बांधून त्याच्या खिशात कोंबला, रागारागाने, जणू कुणाचं तरी तोंड बंद करतोय. "घोडा तरी घे स्टेशनपर्यंत!"

"कुणाचा?" लेम म्हणाला आणि चालू लागला.

काउबॉय चालत असतो तेव्हा तो जगातला सगळ्यांत केविलवाणा प्राणी असतो. बुटाच्या टाचा उंच, रिकिबीत अडकण्यासाठी केलेल्या. जमिनीसाठी केलेल्याच नाहीत. त्यात पाठीवर खोगीर, म्हणजे घोडा असल्यासारखंच, फक्त कोण कुणावर ते उलटं झालेलं. रेल्वे स्टेशनला पोचायला संध्याकाळ झाली असती. पहिल्या टेकाडाशीच लेमचा गुडघा सुजून भाकरीएवढा झाला. वारा उत्तरेकडून होता आणि त्याला तो ओळखीचा वास होता, ओल्या लोखंडासारखा. बर्फाच्या आधी येतो तो.

टेकाडापलीकडे कुणीतरी गात येत होतं. बेसूर, पण मनापासून. आणि मग लेमला आधी मान दिसली, वर-खाली, वर-खाली, साऱ्या जगाचं पाप ठाऊक असलेली.

पाद्रीवर एक गोरागोमटा तरुण बसला होता. नवीकोरी टोपी, नवेकोरे हातमोजे, नाक थंडीने लाल. कंपनीच्या मॅनेजरचा मेहुणा, एलरी. बॉस्टनहून पाहुणा आला होता, परवाच. लेमला बघून तो इतका खूश झाला की जणू दोघं लहानपणी एका शाळेत होते.

"अहो! तुम्ही पायी कसे? घोडा पळाला?"

"तसंच काहीसं," लेम म्हणाला. त्याची नजर घोड्यावरून हलत नव्हती. पाद्रीने कान पुढे केले आणि सरळ येऊन लेमच्या छातीवर डोकं घासलं.

"अरे वा, ओळखतो तुम्हाला! काय गुणी घोडा आहे हो. भावजी म्हणाले, कुठलाही घे. मी वाडग्याशी गेलो तर हा माझ्याकडे बघून हो-हो म्हणत होता. मी म्हटलं, चला, निदान एकाला तरी मी पसंत आहे!" तो स्वतःच खदखदून हसला. मग लेमचा चेहरा बघून थांबला. "माझं काही चुकलं का?"

"कुठलाही घे, असं म्हणाले?"

"हो. का हो? कुणाचा खास आहे का हा?"

लेमने खोगीर खाली ठेवलं. बसायचं नव्हतं तरी त्याच्यावर बसला. पोटातून काहीतरी वर येत होतं, आणि ते हसू आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. पोरगं! बॉस्टनचं अजाण पोरगं, आणि त्याच्यापेक्षा अजाण त्याचा भावजी! त्यांना वाट्याचा घोडा म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. डेल्फने काही केलंच नव्हतं! आणि आपण मात्र म्हातारी रुसावी तसे वळकटी घेऊन निघालो. आयझम बरोबर बोलत होता. त्याच्या बीन्सची आयुष्यात पहिल्यांदा लेमला आठवण झाली.

"काही चुकलं नाही साहेब," तो म्हणाला. "पण तेवढं खोगीर पुढे घ्याल का? मी लगाम धरून चालतो."

"छे छे, तुम्ही बसा की, मी चालतो!"

"नको," लेम घाईने म्हणाला. "चालायची सवय चांगली."

परतीच्या वाटेवर एलरीने हजार प्रश्न विचारले. काउबॉय रात्री खरंच गाणी म्हणतात का? बंदूक किती लवकर काढता येते? लेमने सगळ्यांची उत्तरं दिली. बंदुकीने साप मारला होता एकदा, तोही दुसऱ्या गोळीला, तेही सांगितलं. इतकं तो वर्षभरात बोलला नव्हता.

ते पोचले तेव्हा गडी जेवायला बसले होते. लेम दारातून आत शिरला. ऊब तोंडावर आली, कॉफीचा वास आला, आणि लांब बाकाच्या टोकाला डेल्फ बसलेला दिसला. रुंद, पिकल्या मिशांचा, चमचा तोंडाशी नेलेला.

लेम हसत होता. तो चूक करत होता, आणि ती सगळ्यांना दिसत होती, एकट्या त्याला सोडून.

"ऐका रे मंडळी," तो मोठ्याने म्हणाला. "पाद्री सापडला. पाहुण्यांनी नेला होता फिरायला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! डेल्फ, मी तुझ्या नावाने टेकाडापर्यंत शिव्या घातल्या, माफ कर गड्या. घोडा बाहेर आहे. उद्यापासून परत माझ्या वाट्यात घाल, म्हणजे झालं."

कुणी जेवत नव्हतं. क्लेट ताटलीत पावाने वर्तुळं काढत होता. चुलीशी आयझमचा डाव हवेत थांबला होता.

"बस, लेम," डेल्फ म्हणाला. "जेव आधी."

"जेवतो की. तू फक्त हो म्हण."

"आपण बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? गारठा आहे बाहेर. सगळ्यांनी सकाळी पाहिलंय, आता सगळ्यांदेखत..."

"लेम." डेल्फने चमचा खाली ठेवला. "पोराला कुणीतरी वाडग्याची वाट दाखवलीच ना? आधी ते माझ्याकडेच आलं होतं. कुठले घोडे घेतले तर चालतील म्हणून विचारत होतं. मी त्याला तुझ्या वाट्याचे दाखवले."

लेमच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं विसरलं. काही क्षण ते तसंच राहिलं, बिनकामाचं.

डेल्फ उठला, त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन आला. भिंतीच्या आडोशाला दोघे उभे राहिले. डेल्फच्या मिशांत अजून पावाचा कण होता.

"मॅनेजरने तुझं नाव सांगितलं," तो म्हणाला. "वाद घातला मी. खूप घातला. मग म्हटलं, निदान जाईल तो ताठ मानेने जाईल. कुणी एक शब्द बोलणार नाही. हिवाळाभर सगळे म्हणाले असते, लेम स्ट्राउडला हे कुंपण-बिंपण आवडेना, गेला दक्षिणेला. मी स्वतः म्हणालो असतो! एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मी तुला दिलं. तू ते आणून सगळ्यांसमोर बाकावर ठेवलंस. आता मी काय करू?"

"तोंडाने सांगायचं होतंस."

"तुला? तुला सांगता आलं नाही मला." डेल्फने मान फिरवली. "म्हणून तर अंधारात निघून गेलो."

वारा घोंगावत होता. लेमने आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. कसं झालं ते त्यालाही कळलं नाही. शब्द आपोआप बाहेर पडले.

"दुसरं काही काम असेल का रे? कसलंही?"

डेल्फला ते ऐकायचं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं तसं.

"कुंपणाचे खांब आहेत. पहारीने खणायचं, गोठलेल्या जमिनीत. दिवसभर पायावर." तो थांबला. "लेम, तो शेडमागचा ओंडका मला माहीत आहे."

दोन महिने लेम रोज घोडा शेडमागे नेऊन तिथल्या ओंडक्यावर चढून मांड टाकत होता. कुणी बघत नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"ओंडका हलत होता. क्लेटने त्याच्याखाली दगड लावले, तू पडू नयेस म्हणून."

लेमने शेडकडे एकदा पाहिलं आणि टोपी खाली ओढली.

"उद्या गाडी जाईल स्टेशनला," डेल्फ म्हणाला. "आजची रात्र राहा."

"आज रात्री गड्यांच्या त्या खोलीत?" लेमने मान हलवली. "एक घोडा दे. स्टेशनच्या तबेल्यात सोडतो."

"पाद्री ने."

"नको. पोराला आवडलाय तो. राहू दे त्याच्याकडे." मग जरा थांबून म्हणाला, "तोंड ओढू नये म्हणावं. फार हळवं आहे त्याचं तोंड."

डेल्फने स्वतः एक थोराड तांबडा घोडा आणला, स्वतः लेमचं खोगीर चढवलं. लेमने पाय उचलला. सकाळच्या चालण्याने गुडघा लाकूड झाला होता. तो रिकिबीच्या अर्ध्यातही पोचेना. त्याने पुन्हा उचलला. डेल्फने खाली वाकून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि पायरी करून धरली, बायकांना घोड्यावर बसवताना धरतात तशी. लेमने डोळे मिटले आणि चिखलाचा बूट त्या हातांत ठेवला.

वर बसल्यावर जरा बरं वाटलं. वरून जग नेहमीसारखं दिसत होतं.

"वसंतात ये रे," डेल्फ म्हणाला.

"बघू," लेम म्हणाला. दोघांनाही कळलं की हे बोलायचं म्हणून बोलणं झालं.

टेकाड नजरेत येईपर्यंत बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते, बारीक, कोरडे, तोंडावर वाळूसारखे. तांबडा घोडा मुकाट चालत होता. लेमच्या डोक्यात आता एकच हिशेब होता: मध्ये कुठे उतरायचं नाही. उतरलो तर परत वर चढवायला डेल्फ नाही, ओंडका नाही, त्या उघड्या माळावर उभं राहायला एक दगडसुद्धा नाही. पाव घोड्यावरच खायचा. बाकी सगळंही दाबून धरायचं. स्टेशनवर हात द्यायला कुणीतरी असेलच.

मग फाटक आलं.

कंपनीने याच उन्हाळ्यात माळाच्या आरपार काटेरी तार ओढली होती, आणि रस्ता आडवा गेला तिथे तारेचंच फाटक केलं होतं. एका खांबाला तारेची कडी, ती कडी काढायला खांब छातीशी कवटाळून दोन्ही हातांनी दाबावा लागायचा. घोड्यावरून ते होण्यासारखं नव्हतं. ज्याने ते बनवलं त्याने घोड्यावरच्या माणसाचा विचार केलाच नव्हता. सकाळी लेम पायीच होता, तेव्हा त्याने ते उघडलं होतं आणि मागे लावूनही घेतलं होतं. त्यात काही विशेष आहे हे ध्यानातही आलं नव्हतं.

तो घोड्यावर बसून त्या कडीकडे बघत राहिला. तार दोन्ही बाजूंना जात होती, जात होती, बर्फात विरून जाईपर्यंत. तांबड्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. काय ते ठरव, असं.

लेम उतरला. दुखरा पाय टेकला तेव्हा त्याच्या तोंडून मोठ्याने आवाज निघाला, पण ऐकायला कुणी नव्हतं. त्याने खांब छातीशी धरून दाबला, कडी काढली, घोडा पलीकडे नेला. फाटक उघडं टाकून जाता आलं असतं. कंपनीची गुरं माळभर पांगली असती, वादळात मेलीही असती, आणि कंपनीला ते शोभलंच असतं. पण उघडलेलं फाटक लावायचं असतं. त्याने ते लावलं, कडी नीट बसली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं.

मग लगाम हातात घेतला, आणि पाठीवर रिकामं खोगीर घेतलेल्या घोड्याच्या पुढे स्टेशनच्या दिशेने चालू लागला.